कॅन थंड होता, कांडी नव्हती

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला अतिसंवाहकांवरचा पानभर लेख दोनदा वाचला. विजेला जराही अडवत नाहीत अशा पदार्थांना मराठी पेपरात एवढी जागा मिळाली याचा आनंद आहे. पण दोन गोष्टी खटकल्या. मी काही शास्त्रज्ञ नाही. पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३५ वर्षं गाई-म्हशींना कृत्रिम रेतन केलं आणि २०२१ साली निवृत्त झालो. मात्र द्रव नायट्रोजनचा कॅन मोटारसायकलला बांधून इतकी गावं फिरलोय, की थंडीबद्दल कोणी बोलायला लागलं की कान टवकारतात.

पहिली चूक साधी आहे. 'उच्च तापमान अतिसंवाहक' म्हणजे 'आपल्या उन्हाळ्यातही चालणारे पदार्थ' असं लेखात छापलंय. तसं नाही हो. १९११ साली हॉलंडमधल्या लायडनला कामरलिंग ओनेस यांना पारा अतिसंवाहक झालेला दिसला, तो उणे २६९ अंशांना. तिथवर जायला द्रव हीलियम लागतो आणि तो महागडा. १९८७ साली अमेरिकेत यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचा एक काळा, कौलासारखा ठिसूळ पदार्थ उणे १८० अंशांवरच अतिसंवाहक झाला. 'उच्च' म्हणतात ते एवढंच! पण तेवढ्यावर जगभर धावपळ उडाली, कारण नायट्रोजन उणे १९६ ला उकळतो. हीलियमची गरजच उरली नाही. मला तेव्हा नोकरीला लागून वर्ष झालं होतं. दवाखान्याच्या ओट्यावर बसून ती बातमी वाचली आणि शेजारच्या कॅनकडे बघत म्हणालो, अरे, हे तर आपल्या कॅनात होईल. आमच्या शिपायाने विचारलं, "साहेब, त्यानं दूध वाढंल का?"

दुसरी चूक मोठी आहे. लेखातल्या चौकटीत स्ट्रॉन्शियम रुथेनेट हा पदार्थ 'एकाच दिशेच्या फिरकीच्या जोड्यांचा सिद्ध झालेला नमुना' म्हणून दिलाय. २०१९ पासून ते तसं राहिलेलं नाही.

माझी धाकटी मुलगी जर्मनीत ड्रेस्डेनला अशाच पदार्थांवर काम करते. तिने फोनवर समजावलं तसं सांगतो. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने चालतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक बारीकसं चुंबक. त्याचं तोंड कुठे, तीच लेखातली 'फिरकी'. पारा, शिसं यांसारख्या साध्या धातूंत जोडीतल्या एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं खाली. दोघांचं चुंबकत्व एकमेकांत फिटतं. १९९४ साली जपानमध्ये योशितेरु माएनो यांच्या गटाला स्ट्रॉन्शियम रुथेनेटमध्ये अतिसंवाहकता सापडली, निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे थंडीच्या तळाच्या (उणे २७३ अंश), जेमतेम एक-दीड अंश वर. रचना बघावी तर तांब्याच्या त्या उच्च तापमानवाल्या घराण्यातली, फक्त तांब्याच्या जागी रुथेनियम. यातले इलेक्ट्रॉन आठवडी बाजारातल्या गर्दीसारखे. एक हलला की दहा जणांना सरकावं लागतं. अशा गर्दीत जोड्या वेगळ्या पद्धतीने जमत असतील, दोघांची तोंडं एकाच दिशेला असतील, असं काही सिद्धांतवाल्यांनी मांडलं.

ते तपासायचं कसं? पदार्थ चुंबकाच्या क्षेत्रात ठेवून थंड करायचा. तोंडं उलटसुलट असतील तर अतिसंवाहक होताना चुंबकी प्रतिसाद घटेल. एकाच दिशेला असतील तर तसाच राहील. दवाखान्यातलं एमआरआय ज्या तत्त्वावर चालतं, त्याच तत्त्वाने, रेडिओलहरींचे ठोके देऊन, केंजी इशिदा आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांकडून हा प्रतिसाद मोजला. घटला नाही. १९९८ साली हे छापून आलं आणि पुढची वीस वर्षं लोक त्यावर इमले बांधत राहिले. क्वांटम संगणकासाठी हाच पदार्थ कामी येईल, इथवर.

२०१९ मध्ये लॉस एंजेलिसला आंद्रेय पुस्टोगो, स्टुअर्ट ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, पण रेडिओलहरींचे ठोके हलक्या ताकदीचे दिले. प्रतिसाद घटला! आधीच्या जोरदार ठोक्यांनी नमुनाच क्षणभर तापत होता आणि अतिसंवाहकता मोडत होती. मोजमाप झालं ते अतिसंवाहकता मोडलेल्या, साध्या अवस्थेतल्या पदार्थाचं. भोवतीचा तापमापक मात्र सगळं थंड असल्याचंच सांगत होता.

हे ऐकलं आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. मुलगी म्हणाली, "आप्पा, तुमच्या त्या कांड्यांसारखंच की."

कांड्या म्हणजे रेताच्या. कॅनमधल्या नायट्रोजनमध्ये कॅनिस्टर लटकलेले असतात आणि त्यांत या बारीक नळ्या. वळूचा नंबर कांडीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला. कॅनिस्टर कॅनच्या गळ्याच्या वर काढायचा नाही, काही सेकंदांत हवी ती कांडी चिमट्याने उचलायची आणि बाकीच्या पुन्हा खाली सोडायच्या, हा आमचा पहिला धडा. जास्त वेळ वर राहिल्या की त्या आतून मरायला लागतात. परत बुडवल्या तरी मेलेलं जिवंत होत नाही, आणि दिसायला मात्र जशाच्या तशा. कॅनमध्ये मोजपट्टी घातली तर पांढरं दहिवर बरोबर जिथे हवं तिथवर येतं. सगळं ठीक.

२००५ च्या सुमारास माझ्याकडच्या गाई उलटायला लागल्या. एकवीस दिवस झाले की पुन्हा माजावर. मी आधी चाऱ्याला दोष दिला, मग वळूला, मग उन्हाला. शेवटी आमचे डॉक्टर एक दिवस हातातलं घड्याळ बघत शेजारी उभे राहिले. मला चाळिशी लागली होती आणि चष्मा करायचा मी टाळत होतो. नंबर वाचण्यासाठी मी अख्खा कॅनिस्टर उजेडात धरत होतो. डॉक्टर म्हणाले, "अठरा सेकंद." एवढंच. मी त्याच आठवड्यात चष्मा केला.

इशिदांच्या गटाने काय केलं? लॉस एंजेलिसचा निकाल आल्यावर त्यांनी आपला प्रयोग स्वतः पुन्हा केला आणि २०२० मध्ये, माएनो यांच्यासह, छापून सांगितलं की होय, प्रतिसाद घटतो. मी दोन घरी जाऊन सांगितलं होतं की चूक माझी. बाकीच्यांना नाही सांगितलं. त्यांच्या गाई पुढच्या वेळी लागल्या आणि विषय संपला.

म्हणून आपल्या लेखातली ती चौकट मला जास्तच टोचली. 'सिद्ध झालं' ही बातमी पानभर येते आणि ते मोडल्याची बातमी वीस वर्षांनी येते तेव्हा तिला कोपराही मिळत नाही. मुलीच्या मते खरी मजा २०१९ नंतर सुरू झाली आहे, कारण जोड्या तशा नाहीत तर मग कशा, यावर आज जोरदार भांडणं आहेत. त्यावर लिहा की. दुरुस्ती छापताना चौकट तेवढीच मोठी ठेवावी, ही विनंती.

जाता जाता आणखी एक. लेख जपान, अमेरिका, स्वित्झर्लंड फिरून आला, पण मुंबईत थांबला नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पवईच्या आयआयटीसह, यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात उणे २६१ अंशांच्या आसपास अतिसंवाहकता सापडली आणि १९९४ च्या आरंभी ती छापून आली. त्याच संस्थेने २०१६ मध्ये बिस्मथ हा धातू निरपेक्ष शून्याच्या वर ०.५३ मिलिकेल्विनला, म्हणजे एका अंशाचे दोन हजार भाग केले तर जवळपास एका भागावर, अतिसंवाहक होतो हे दाखवलं. बिस्मथमध्ये फिरते इलेक्ट्रॉन एक लाख अणूंमागे एखादाच. नेहमीच्या सिद्धांतात हे बसत नाही. एवढी बातमी मराठी पेपरने सोडावी म्हणजे कमाल आहे.

लेखकांना माझा राग नाही. त्यांनी एकदा आमच्याकडे यावं. मुलीने गेल्या दिवाळीत त्या काळ्या पदार्थाची रुपयाएवढी टिकली आणली आहे. थर्माकोलच्या वाटीत टिकली ठेवून नायट्रोजन ओतला की आधी तापल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखा चरचराट होतो, मग एकदम शांत. त्यावर बारकं चुंबक चिमट्याने सोडलं की ते अधांतरी राहतं आणि बोटाने टिचकी मारली की गरगर फिरतं. नायट्रोजन उडून गेला की हळूच खाली बसतं. दूध संघातल्या मित्राकडून दोन लिटर नायट्रोजन मिळतो. फक्त आदल्या दिवशी कळवावं, आणि चष्मा असेल तर घेऊन यावं.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
फलटण, जि. सातारा