फाटक्या कपड्यातला डिक आणि आमची कोयत्यावरची पोरं : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवतो. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांचे आईबाप मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं तर कुणी कर्नाटकात, आणि ते थेट उन्हाळ्यात परततात. काही पोरं हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर आजीआजोबांपाशी राहतात, काही सोबत जातात कारण धाकट्या भावंडाला बघायला कुणीतरी लागतंच. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यावर मी नवीन काही सांगणार नाही. मला बोलायचंय ते पुस्तकांबद्दल, त्यातही एका ठरावीक प्रकारच्या पुस्तकांबद्दल. कुणी नसलेला गरीब पोरगा कष्टानं वर येतो, अशा ज्या शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या आहेत ना, त्या. मोठी माणसं त्यांना आता हात लावत नाहीत आणि आमच्या शाळेच्या कपाटात त्यातली एकही नाही.

गेल्या पावसाळ्यात दुपारच्या जेवणानंतरची वीस मिनिटं मी वर्गाला एक गोष्ट सांगायला घेतली. हॉरेशिओ अल्जर नावाच्या अमेरिकन लेखकाची 'रॅग्ड डिक'. १८६७ मध्ये मुलांच्या एका मासिकात ती क्रमशः आली आणि १८६८ मध्ये तिचं पुस्तक निघालं. इंग्रजी मजकूर इंटरनेटवर फुकट आहे, रात्री मोबाइलवर वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी आपल्या भाषेत सांगायचा असं चालू झालं. डिक चौदा वर्षांचा, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बूटपॉलिश करणारा. गोष्ट सुरू होते तेव्हाच त्याला कुणीतरी दरडावून उठवतं आणि कळतं की हा एका लाकडी खोक्यात, पेंढ्यावर झोपलाय. एवढं सांगितलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "आपल्या कोपीवानीच की सर." त्या पोराचे आठ हंगाम उसाच्या फडावर गेलेत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, ऊन कसं येतं, पाणी कुठून गळतं ते त्याला पाठ आहे, आणि आजपर्यंत शाळेतल्या कुठल्याच पुस्तकात त्याला स्वतःचं घर भेटलं नव्हतं. भेटलं ते न्यूयॉर्कमधल्या एका खोक्यात.

तिथून पुढं वीस मिनिटं पुरेनाशी झाली.

मला आधी वाटलं होतं पोरांना शेवटची उत्सुकता असणार, हा श्रीमंत होतो का, बंगला घेतो का. तसं काही नव्हतं. त्यांना हिशोब पाहिजे होता. एका पॉलिशचे दहा सेंट, मग दिवसाला किती बूट, मग झोपायला किती, जेवायला किती, उरले किती. शेवटी फळ्यावर मांडावं लागलं. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये पेपर विकणाऱ्या पोरांसाठी एक वसतिगृह होतं, १८५४ साली निघालेलं, तिथं सहा सेंटला रात्रीचा बिछाना मिळायचा, म्हणजे एक बूट चमकवला की झोपायची सोय होऊन चार सेंट हातात. तरीसुद्धा डिक खोक्यात झोपतो कारण आलेला पैसा तो नाटकात आणि हॉटेलात उडवून टाकतो. यावर एक मुलगी शांतपणे म्हणाली, "उचल आली की पहिल्या आठवड्यात आमच्यातबी असंच होतं." कुणी हसलं नाही, सगळ्यांना माहीत होतं ती काय म्हणतेय ते. मी इतकी वर्षं व्यवहारगणित शिकवतोय साहेब, बचतीवर अशी चर्चा माझ्या वर्गात कधी झाली नव्हती.

सगळ्यात जास्त वेळा सांगावा लागला तो खोलीचा भाग. डिकला धड लिहिता-वाचता येत नसतं. त्याला फॉस्डिक नावाचा एक अनाथ पोरगा भेटतो, तोही बूटपॉलिशवालाच, पण शिकलेला आणि जरा भित्रा. डिक त्याला म्हणतो, तू मला शिकव, खोलीचं भाडं मी बघतो. मग मॉट स्ट्रीटवरच्या एका साध्या खोलीत दिवसभर बूट घासून आलेली दोन पोरं रात्री अभ्यासाला बसतात. एवढंच आहे, यात ना मारामारी ना खजिना. तरी हा भाग मला तीनदा सांगायला लावला. "सर, त्या खोलीत दिवा कसला होता?" "अंथरूण एकच होतं का दोन?" एकानं विचारलं की शिकवणारा पोरगा डिकवर ओरडायचा का.

माझं म्हणणं ते हेच. या कादंबऱ्या पोरांना दीडशे वर्षांनंतरही धरून ठेवतात त्या शेवटच्या श्रीमंतीमुळं नाही, त्यातल्या गरिबीमुळं. ती गरिबी मोजलेली असते, सेंटासेंटानं, दिवसादिवसानं. फाटका कोट कुठून आला, थंडीत कुठं टेकायचं, चांगले कपडे घातले की ओळखीची पोरं कशी बघतात, हे सगळं लेखक घाई न करता सांगतो आणि ऐकणाऱ्या पोराला वाटतं की आपलं जगणंसुद्धा पुस्तकात लिहिण्यासारखं आहे. आणि खरं सांगायचं तर डिक श्रीमंत होतच नाही! बोटीतून पाण्यात पडलेल्या एका लहान मुलाला तो वाचवतो, त्या मुलाचा बाप त्याला आपल्या दुकानात कारकून म्हणून ठेवतो, आठवड्याला दहा डॉलर. बस. रस्त्यावरून टेबलावर. लोक अल्जरचं नाव कोट्यधीश होण्याच्या स्वप्नाशी जोडतात, पण त्यानं या पोराला दिली ती एक पक्की नोकरी आणि एक नाव. शेवटी तो 'फाटका डिक' राहत नाही, 'रिचर्ड हंटर' होतो.

त्या नावावर वर्ग थांबला होता. ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून एक कोयता लागतो, तिथं मुलांचा तर उल्लेखही नसतो. दुसऱ्या दिवशी एका पोरानं येऊन सांगितलं की सर, मला गण्या म्हणू नका, हजेरीत आहे ते पूर्ण नाव घ्या. तेव्हापासून मी सगळ्यांचीच पूर्ण नावं घेतो.

आता आपल्याकडं काय होतं ते बघा. दर १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, कुणीतरी गावचा, तालुक्याचा अधिकारी झालेला माणूस बोलवला जातो, तो मनापासून बोलतो, त्याच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. पण अर्ध्या तासाच्या भाषणात त्याचं बालपण पाच मिनिटांत संपतं आणि उरलेला वेळ जिद्द, चिकाटी, ध्येय. कपाटात येणारी पुस्तकंही तशीच, यशाचे मंत्र, यशस्वी व्हा, अमुक दिवसांत अमुक. अशा पुस्तकात गरिबी म्हणजे नुसती पायरी, तिच्यावर पाय दिला की वर. ज्याला वर जाता आलं नाही त्यानं कष्ट कमी केले असा त्याचा सरळ अर्थ निघतो, आणि तो अर्थ बारा वर्षांचं पोरगं स्वतःच्या बापाला लावतं. माझा बाप वीस वर्षं ऊस तोडतोय, मग त्याची चिकाटी कुठं कमी पडली? या प्रश्नाला त्या पुस्तकांत उत्तर नाही. जुन्या कादंबरीत निदान योगायोगाला योगायोग म्हटलेलं असतं. ते मूल पाण्यात पडलं नसतं तर डिकला ती नोकरी मिळाली नसती हे माझ्या वर्गातल्या प्रत्येकाला कळलं, आणि त्यानं डिकची किंमत कुणाच्याच नजरेत कमी झाली नाही.

या पुस्तकांत सगळंच गोड आहे असं मी म्हणत नाही. एका मुलीनं विचारलं, यात पोरी कुठायत? मी शोधलं, अल्जरचीच १८७१ ची 'टॅटर्ड टॉम' सापडली, रस्ता झाडणारी, मुलासारखी राहणारी मुलगी. चार दिवस खुशीत गेले. पण शेवटी कळतं की ती मुळात श्रीमंत घरची हरवलेली लेक आहे आणि तिची आई तिला सापडते. ती मुलगी नाराज झाली. "मग हिनं काय केलं सर? हिला तर सापडलं." एवढ्या कमी शब्दांत याहून चांगली समीक्षा मला कुठं वाचायला मिळाली असती! इंग्रज लेखक डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'लाही हाच आक्षेप लागू होतो, पण डिकन्सचं पोरांनी ऐकून घेतलं, कारण मी त्यांना सांगितलं की हा माणूस स्वतः बारा वर्षांचा असताना, १८२४ साली, बाप कर्जापायी तुरुंगात गेला त्याच सुमाराला, लंडनच्या एका बूटपॉलिशच्या कारखान्यात पॉलिशच्या डब्यांवर लेबलं चिकटवायचा, आठवड्याला सहा शिलिंगवर. ज्यानं डब्यांवर लेबलं चिकटवली त्यानंही लिहिलं आणि ज्यांनी पॉलिश केली त्यांच्यावरही लिहिलं गेलं, हे पोरांना फार आवडलं.

आणि अल्जरबद्दल एक गोष्ट लपवून चालणार नाही. तो आधी पाद्री होता आणि १८६६ मध्ये मुलग्यांशी गैरवर्तनाच्या आरोपावरून त्याला चर्च सोडावं लागलं. म्हणून त्याचं पुस्तक काढायचं तर मोठ्यांसाठी प्रामाणिक प्रस्तावना लावूनच काढा, त्याला महापुरुष करू नका. मला त्याचा फोटो भिंतीवर नकोय, त्याचा डिक वर्गात पाहिजे.

डिकन्सचीच 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' मी अजून पूर्ण सांगितलेली नाही, फक्त एक प्रसंग सांगितला. लोहाराघरी वाढलेला पिप शहरात जाऊन साहेब होतो आणि ज्यानं त्याला जीव लावून वाढवलं तो 'जो' नावाचा लोहार त्याला भेटायला येतो, तेव्हा पिपला त्याची लाज वाटते. वर्गात पूर्ण शांतता. आमच्या शाळेतून दरवर्षी दोन-चार पोरं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या वसतिगृहात जातात. पायात चिखल, डोक्याला फडकं असा बाप गेटवर येऊन उभा राहिला की काय होतं हे त्यांना कुणी शिकवत नाही. वर येण्याची ही किंमत यशाच्या पुस्तकांत नसते, ती इथं आहे.

आता मागणी. तुमचा खर्च फार नाही. डिकन्स १८७० ला गेला, अल्जर १८९९ ला, दोघांवरही कॉपीराइट नाही. आपले साने गुरुजी १९५० ला गेले, आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क असतो, म्हणजे २०११ पासून 'धडपडणारी मुले'सुद्धा कुणालाही छापता येते. अनुवादाचे तेवढे पैसे लागतील आणि ते चांगले द्या, कारण मला संक्षिप्त, चाळीस पानी, चित्रं मोठी आणि गोष्ट छोटी असली पुस्तकं नकोत. संक्षेपात सगळ्यात आधी काय कापतात माहितीये? हिशोब आणि खोली. तेच तर पोरांना पाहिजे असतं.

दुसरं म्हणजे बालभारतीचं 'किशोर' मासिक. १९७१ पासून चालू आहे, माझ्या पिढीचं वाचन त्यावर झालंय. या कादंबऱ्या मुळात क्रमशः आलेल्या आहेत, 'रॅग्ड डिक' मासिकात, 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' १८६०-६१ मध्ये साप्ताहिकात. दर महिन्याला एक प्रकरण 'किशोर'मध्ये द्या आणि त्याच प्रकरणाचं कुणा चांगल्या वाचणाऱ्याच्या आवाजात रेकॉर्डिंग करा. फडावर शाळा नसते, पण बापाच्या खिशात मोबाइल असतो. रात्री कोपीत वीस मिनिटं ऐकता येईल, आई भाकरी थापता थापता ऐकेल.

तिसरं, आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेखाली ग्रंथालयासाठी शाळेला वर्षाला पाच ते वीस हजार रुपये धरलेले असतात. त्यातून काय घ्यायचं हे शाळेला, खरं तर पोरांना ठरवू द्या, वरून ठरवलेला गठ्ठा पाठवू नका. आणि पुस्तक हरवलं किंवा फाटलं तर ते गुरुजींच्या अंगावर येणार नाही असं एक स्वच्छ परिपत्रक काढा. आज डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीला, पुस्तक चढलं की शिक्षकाला ऑडिटची धास्ती लागते, म्हणून कपाटाला कुलूप, म्हणून पुस्तकं नवीकोरी. आमच्याच शाळेत अशी पुस्तकं आहेत ज्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. टोळीबरोबर निघालेल्या पोराच्या हातात मी पुस्तक दिलं तर ते सहा महिन्यांनी काळं होऊन, भिजून, पाचटाच्या कुसळासकट परत येईल किंवा येणारही नाही. ते वाचलेलं पुस्तक आहे असं तुमच्या विभागानं मान्य करावं, एवढंच.

गेल्या हंगामात मी 'रॅग्ड डिक'ची शेवटची सहा प्रकरणं माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत वहीत लिहून, झेरॉक्स काढून जाणाऱ्या अकरा पोरांना दिली होती. उन्हाळ्यात त्यातल्या सात प्रती परत आल्या. एकीच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं हिशोब मांडलेला होता. वर डिकचा, बूट किती आणि सेंट किती. खाली घरचा. रोजचे टन, टनाचा भाव, उचल, आणि फिटायला अजून किती दिवस. ती प्रत मी जपून ठेवली आहे, तुम्ही कधी इकडं आलात तर दाखवीन.

यंदाच्या टोळ्या निघायला अजून थोडे महिने आहेत. परिपत्रक तरी त्याआधी निघावं ही विनंती.

आपला,
बीड जिल्ह्यातला एक प्राथमिक शिक्षक