ॲप नाकारताना कारण तरी नीट सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात ॲप स्टोअरबद्दल जेव्हा केव्हा काही येतं तेव्हा ते कमिशनबद्दल असतं, 30 टक्के घेतात का 15 टक्के, मोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या वगैरे. ते चुकीचं नाही. पण माझ्यासारखा तालुक्याच्या गावी बसून एकटा ॲप बनवणारा माणूस ज्या गोष्टीने मेटाकुटीला येतो ती वेगळीच आहे: ॲपचं प्रत्येक अपडेट आधी स्टोअर तपासतं, आणि नाकारलं तर नेमकं कारण सांगत नाही, म्हणून हे पत्र.

मी गेली चार वर्षं दूध संकलन केंद्रांसाठी एक ॲप चालवतो. गवळी सकाळ संध्याकाळ दूध घालतो, केंद्राचा सचिव फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) टाकतो, दरपत्रकाप्रमाणे भाव निघतो, पावती निघते आणि दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. पूर्ण मराठीत आहे, आणि केंद्रावर पहाटे पाच वाजता रेंज नसते म्हणून इंटरनेटशिवाय चालतं, त्यामुळे दरपत्रक पण ॲपच्या आतच ठेवलेलं होतं. स्टोअरवर फुकट आहे, संस्था मला वर्षाचे पैसे थेट देतात, म्हणजे कमिशनचा माझा काही प्रश्नच नाही.

गेल्या उन्हाळ्यात दूध संघाने 3.5 फॅटच्या खाली प्रत्येक पॉइंटला, म्हणजे 0.1 फॅटला, लिटरमागे 30 पैसे अशी नवीन कपात लावली. मी नवीन दरपत्रक टाकून 1 तारखेला अपडेट पाठवलं, दोन तासांत ते पास होऊन सगळ्यांच्या फोनवर गेलं, आणि त्यात चूक होती, कपात दोनदा लागत होती. चूक शंभर टक्के माझी. 2 तारखेला संध्याकाळी एका केंद्रावरून फोन आला, एक आजी पावती घेऊन उभ्या होत्या, 3.2 फॅट आहे तर लिटरला 90 पैसे जायला पाहिजेत, एक रुपया ऐंशी पैसे कसे गेले म्हणून विचारत होत्या. आजींचं दिवसाला 14 लिटर दूध, म्हणजे दहा दिवसांच्या पगारात 126 रुपये कमी. मी त्याच रात्री दुरुस्ती करून अपडेट पाठवलं, म्हणलं चुकीचं दोन तासांत गेलं तर बरोबर असलेलं पण सकाळपर्यंत जाईल.

ते गेलं 11 तारखेला, पगार होऊन गेल्यावर.

मधे काय झालं ते सांगतो. दोन दिवसांनी मेल आला की तपासणीत ॲप वापरता आलं नाही, सबब नाकारण्यात येत आहे. सोबत एक स्क्रीनशॉट होता, त्यात माझंच पहिलं पान, 'संस्थेचा कोड टाका' ही चौकट रिकामी आणि खाली 'पुढे चला' हे बटण. म्हणजे तपासणाऱ्याला तिथे काय टाकायचं ते वाचता आलं नव्हतं! टेस्टिंगचा कोड, मोबाईल नंबर, ओटीपी सगळं मी त्यांच्या फॉर्ममध्ये इंग्रजीत लिहिलेलं होतं, आधीची अकरा अपडेट याच पानावरून पास झालेली होती. मी उत्तर लिहिलं, कोड परत दिला, पैशाचा विषय आहे जरा लवकर बघा अशी विनंती केली. काही मिनिटांत उत्तर आलं, तोच मजकूर, एक स्वल्पविराम बदललेला नाही. परत लिहिलं, परत तेच. फोन नंबर नाही, नाव नाही, आपण माणसाशी बोलतोय का मशीनशी ते पण कळत नाही. शेवटी मी 'संस्थेचा कोड' याच्या खाली बारीक अक्षरात इंग्रजी लिहिलं आणि नवीन अपडेट म्हणून पाठवलं, मग पास झालं. एवढं एक वाक्य जर पहिल्या मेलमध्ये असतं की भाई आम्हाला ही चौकट वाचता येत नाही, तर तेव्हाच पाच मिनिटात काम झालं असतं आणि एका सचिवाला 140 जणांचे पगार वहीवर हाताने काढत रात्र काढावी लागली नसती.

स्टोअरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं असं इतर डेव्हलपर पण सांगतात.

तपासणी नको असं माझं अजिबात म्हणणं नाही. खोट्या कर्जाच्या ॲपने किती लोकांना छळलं ते आपण सगळ्यांनी वाचलंय, सप्टेंबर 2022 ते ऑगस्ट 2023 या एका वर्षात गूगलने तसली 2,200 च्या वर ॲप काढली असं सरकारनेच संसदेत सांगितलंय. काढलीच पाहिजेत. नवीन माणसाला नियम कडक लावा, तेही ठीक. गूगल प्लेवर 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक अकाउंटला आधी 20 आणि डिसेंबर 2024 पासून 12 जणांकडून सलग 14 दिवस ॲप टेस्ट करून घ्यावं लागतं, डिप्लोमाच्या पोरांना ते जड जातं पण निदान काय करायचं ते आकड्यात लिहिलेलं तरी आहे. नाकारताना मात्र तसं काही नसतं, धोरणाचा एक परिच्छेद चिकटवायचा आणि यातलं तुमचं काय चुकलं ते तुम्हीच शोधा.

लोक म्हणतात स्टोअर सोडा, व्हॉट्सॲपवर फाइल पाठवा. कशी पाठवू? आरटीओचं चलान, लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल (स्टोअरशिवाय थेट फोनमध्ये ॲप टाकायची फाइल) पाठवून लोकांची बँक खाती रिकामी केली जातात आणि पोलीस बिचारे सांगून सांगून थकले की अशी फाइल उघडू नका, मी माझ्याच शेतकऱ्यांना उलटी सवय लावू का? फोनपेचं इंडस ॲपस्टोअर फेब्रुवारी 2024 मध्ये आलं, मराठीत पण आहे, चांगली गोष्ट आहे, पण गवळ्याच्या फोनमध्ये जे स्टोअर आधीपासून असतं तेच त्याला माहीत असतं.

1 मार्च 2024 ला गूगलने आपल्याकडच्या काही मोठ्या कंपन्यांची ॲप फीच्या वादात काढून टाकली, तेव्हा केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातलं आणि थोड्याच दिवसांत ती परत आली. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला प्ले स्टोअरच्या बिलिंगवरून 936.44 कोटींचा दंड केला, मार्च 2025 मध्ये अपिलात तो 216.69 कोटी झाला. हे सगळं वरच्या लेव्हलचं भांडण, त्यात आमच्या सचिवाची वही कुठेच येत नाही.

युरोपात 2019 साली एक कायदा केला, 12 जुलै 2020 पासून लागू आहे. प्लॅटफॉर्मने धंदा करणाऱ्याची सेवा अडवली किंवा थांबवली तर नेमकी कोणत्या गोष्टीमुळे ते कारण लेखी द्यायचं, कायमची बंद करायची तर 30 दिवस आधी सांगायचं, आणि मोठ्या प्लॅटफॉर्मने तक्रार ऐकायची फुकट सोय ठेवायची. ॲप स्टोअर पण त्यात येतात. म्हणजे याच कंपन्या तिकडे हे करतातच, जमत नाही असं नाही. आपल्याकडे मोठ्या डिजिटल कंपन्यांना आवर घालणाऱ्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च 2024 मध्ये आला होता, त्याचं पुढे जे काय व्हायचं ते होवो, पण कारण लेखी आणि नेमकं द्या, भारतीय भाषेतलं ॲप ती भाषा वाचणाऱ्याकडून तपासून घ्या, आणि दुरुस्तीचं अपडेट असेल तर 48 तासांत माणसाने उत्तर द्या, एवढी तीन कलमं आपल्या खासदारांनी मागावीत अशी कळकळीची विनंती आहे.

आजींचे 126 रुपये पुढच्या पगारात जमा झाले. दरपत्रक आता मी ॲपच्या बाहेर वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, सचिव रेंजमध्ये आले की ते आपोआप उतरतं. पण बाकीचं अपडेट स्टोअरमधूनच जातं, आणि आत्ता हे लिहितोय तेव्हा पण एक अपडेट चार दिवसांपासून तपासणीत आहे, परवा पगार आहे, सचिवांना सकाळीच फोन करून वही तयार ठेवायला सांगितलंय.

आपला,
एक ॲप डेव्हलपर, संगमनेर