तुझी हाय-हॅट, माझा उजवा कान

डोंबिवली (पूर्व),
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय ढोल्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू बोलतोस त्यातलं हल्ली मला निम्मंच कळतं, आणि तू ज्या पद्धतीने 'हो हो, बरोबर' म्हणतोस त्यावरून तुझीही गत फार वेगळी नसावी असा मला दाट संशय आहे. म्हणून पत्र. उद्या घटस्थापना. नऊ रात्री सोसायटीच्या आवारात गरब्याचे स्पीकर लागतील, त्याआधी लिहून टाकतो.

आधी फजिती सांगतो. ऑगस्टमध्ये ठाण्यातल्या एका पबमध्ये आमचा शो होता. हा बँड तू पाहिलेला नाहीस. माझ्याखालोखाल वडीलधारा म्हणजे गिटारवाला, वय ३४. ड्रमर २६ चा, माझ्या मुलीहून दोन वर्षांनी लहान. सगळे मला काका म्हणतात, अगदी माइकवरूनसुद्धा: 'ऑन बेस... काका!' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पट्ट्यासकट जमिनीत जावंसं वाटलं. आता टाळ्या पडतात, मीही हात वर करतो.

तर शेवटाला आमच्या गायकाने खाली बसलेल्या एका मैत्रिणीला स्टेजवर बोलावलं. साधा ट्वेल्व्ह-बार ब्लूज, बारा बारांचा, तीनच कॉर्डचा ठरलेला साचा, तालमीची गरज नाही. तिने मागे वळून पट्टी सांगितली, 'सी!' मी ऐकलं, 'ई!' आणि ब्लूज, गिटार, बेस म्हटल्यावर ई पट्टी असणारच, म्हणून मी शंकासुद्धा घेतली नाही. सगळे सी, एफ, जी वाजवतायत आणि खाली, बेसच्या जाड तारांवर, मी ई, ए, बी. गंमत बघ, सी कॉर्डमध्ये, म्हणजे त्या सुरांच्या जुडग्यात, ई असतोच, एफमध्ये ए असतो, जीमध्ये बी. म्हणजे सगळ्यांना षड्ज द्यायचा तिथे मी इमानेइतबारे गंधार देत बसलो होतो. त्यामुळे पहिल्या चार बारांत कुणाला नीट कळेचना की चुकतंय काय. एका टेबलावरच्या गृहस्थांनी तर 'जॅझ, जॅझ' अशी मान डोलावली. मग मी सवयीने एक चढती जागा घेतली, जी-शार्पवर पाय दिला, आणि वर गिटारचा साधा जी. पानात खडा आल्यासारखा सगळ्यांचा चेहरा झाला. ड्रमरने काठीने माझ्याकडे बोट केलं, ओठांनी 'सी, सी' केलं. मला ते ओठसुद्धा 'ई' वाटले.

कुणी काही बोललं नाही रे. तेच लागलं. आपल्या वेळी तू ड्रमवरून काठी फेकून मारली असतीस. पुढच्या तालमीला पोरांनी गुपचूप खुणा ठरवून आणल्या: मूठ म्हणजे सी, चार बोटं वर म्हणजे ई. 'सगळ्यांनाच सोयीचं होईल, काका.' सगळ्यांना म्हणे.

मग मी मुकाट्याने कान तपासून आलो. त्या काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन आणि हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. मला तर मधूनमधून आपलं हृदयच ऐकू येत होतं, तेव्हाही दाबलं. आलेख आला. डावा कान वयाला शोभेसा. उजवा ४००० हर्ट्झला असा खाली गेलाय, जसा खंबाटकीचा घाट. ऑडिओलॉजिस्ट बाई तरुण आणि स्पष्टवक्त्या. म्हणाल्या, हा मोठ्या आवाजाचा खड्डा आहे, कारखान्यात होतात का? म्हटलं, नाही, बँकेत. मग आपल्या जुन्या बँडचं सांगितलं. त्यांनी विचारलं, ड्रमर कुठल्या बाजूला असायचा?

आता आठव. तुझी हाय-हॅट तुझ्या डाव्या हाताला. मी तुझ्या डावीकडे, कारण तुझा उजवा पाय किक ड्रमवर पडताना दिसला पाहिजे हा माझा हट्ट. म्हणजे माझ्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर तुझ्या त्या दोन पितळी थाळ्या, चार-चार तास. बाईंनी गणित सांगितलं: ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं! आपण तुमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पंधरा मिनिटं तर नुसतं कोण आधी थांबणार यावर भांडायचो. आणि कानात काय, तर कापूस. कापसाने काही होत नाही म्हणे. अत्तराचा फाया ठेवला असता तरी तेवढाच उपयोग.

पण खरी गोष्ट पुढे आहे, जी तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. तो आलेख २५० हर्ट्झपासून सुरू होतो. माझी सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. सगळ्यात बारीक तार मोकळी सोडली तर ९८. पार वरच्या पडद्यांवर गेलो तर कुठे २५० ओलांडतो, आणि तिथे मी आयुष्यात कधी गेलो ते तुला माहीतच आहे. म्हणजे माझा सगळा मूळ सुरांचा संसार त्या कागदाच्या डावीकडे, समासाबाहेर. तिथे कोणी तपासतच नाही! आणि तिथे मला सगळं स्वच्छ ऐकू येतं. गेलंय ते वरचं: स, श, फ, थ. ही स्वयंपाकघरातून 'साखर संपली' म्हणते, मला 'आखर अंपली' येतं आणि मी विचारतो, कोण आंबलं? शो संपल्यावर पोरं खाली बसून हसत असतात, मी त्यांच्या मागोमाग हसतो. गाण्यात मी त्यांच्यात असतो, गाणं संपलं की नसतो. पूर्वी उलटं होतं, आठवतंय? स्टेजवर माझा आवाज कुणालाच ऐकू यायचा नाही आणि खाली उतरलो की मीच सगळ्यात जास्त बडबडायचो.

काल जुनी बेस काढून पुसली. तारा इतक्या जुन्या की बोट फिरवलं तर काळं होतं. त्यावरून ते पातेलं आठवलं. ८७ साली धोबीतलावला जाऊन बेसच्या नव्या तारा घ्यायच्या म्हणजे माझा महिन्याचा सगळा खर्च, म्हणून कुणीतरी सांगितलेली युक्ती: तारा पाण्यात उकळा, घामाचा मळ निघतो, आवाज पुन्हा खणखणीत. मी चारी तारांची वेटोळी आईच्या वरणाच्या पातेल्यात टाकली. ती आत आली, झाकण उचललं, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, 'आणि हे शिजल्यावर?' ते पातेलं नंतर कधी वरणाला वापरलं नाही तिने. चाळीतल्या मांजरीला दूध त्यातून मिळायचं.

आणि लोकलचा मालडबा. रेक्झिनच्या पिशवीत ती चार-साडेचार किलोची बेस उभी धरून व्हीटीपर्यंत. 'वीणा हाय का रं?' विचारणारी ती कोळीण. मी हो म्हणालो होतो, तू किती हसला होतास. रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक, तो रॉक बँडांचा जलसा, ८६ मध्ये सुरू झाला, तेव्हा आपण त्या दगडी पायऱ्यांवर बसून स्टेजवरच्या प्रत्येक बँडमध्ये फक्त दोघांकडे बघायचो: ड्रमर आणि बेसवाला. बाकी जनता गायकाकडे. रंगभवन पुढे गप्प झालंच, शेजारी इस्पितळ, कॉलेज, १०० मीटरचं शांतता क्षेत्र. तेव्हा मी फार शिव्या घातल्या होत्या. आता आलेख पाहिल्यावर इस्पितळातल्या माणसांची बाजू थोडी कळते. थोडीच.

बाकी शरीराचं म्हणशील तर, डाव्या हाताची अनामिका सकाळी वाकली की अडकते, मग दुसऱ्या हाताने 'टक' करून सोडवावी लागते. टाच दुखते म्हणून स्टूलवर बसून वाजवतो. सुरुवातीला लाज वाटली, मग म्हटलं, आपल्याकडे गवई-वादक सगळे बसूनच की! माझे वडील भजनाला डग्गा-तबला वाजवायचे, ते कुठे उभे राहायचे? ते म्हणायचे, तबला कौतुकासाठी, डग्गा पोटासाठी. मी बेस घेतली तेव्हा त्यांनी एकदाच ऐकली आणि म्हणाले, 'म्हणजे तू डग्गा घेतलास.' एवढं नेमकं मला नंतर कुणी सांगितलेलं नाही.

अँपचं तरी सुख झालंय. तेव्हाचा तो लोखंडी पेटारा उचलायला चौघं लागायची आणि त्यातला एक नेहमी लघवीला गेलेला असायचा (तू). आताचा दोन किलोचा, पाठपिशवीत मावतो.

सोडावं का, हा प्रश्न सगळे विचारतात, हिच्यासकट. रोलिंग स्टोन्सच्या बेसवाल्या बिल वायमनने ९३ मध्ये बँड सोडला तेव्हा तो ५६ चा होता, मी ५८ चा आहे. म्हणजे तो मुहूर्त तर हुकलाच. उलट २००८ च्या १ फेब्रुवारीला आपण बीकेसीला आयर्न मेडन पाहिलं, तेव्हा त्यांचा बेसवाला स्टीव्ह हॅरिस ५१ चा होता आणि दोन बोटांनी तासन् तास घोडा पळवत होता. तू तेव्हा कानात ओरडला होतास, 'आपल्याला अजून दहा वर्षं आहेत!' कुठल्या कानात ओरडलास तेही आता मला माहीत आहे.

गिटारवाल्या पोराने मध्यंतरी, अगदी प्रेमाने हां, सुचवलं की काका, तुम्हाला एखाद्या शोला जमलं नाही तर तुमचा बेस लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवूया, ट्रॅक लावता येईल. मी बरं म्हटलं. एक दुपार बसून अकरा गाणी रेकॉर्ड करून दिली. घरी येऊन जेवलो नाही. हिला सांगितलं, अॅसिडिटी.

यंत्र घ्यायचं ठरवलंय, उजव्या कानाला. आणि स्टेजसाठी साच्यावर बनवलेले इअरप्लग. बाई म्हणाल्या, आता आहे ते तरी राखा. त्यांनी निघताना विचारलं, तुमच्या त्या ड्रमरने तपासलेत का कान? हाय-हॅट त्याच्या डाव्या बाजूला होती ना? मी म्हटलं, तो सांगलीला असतो, ड्रम माळ्यावर आहेत, आणि 'हो हो, बरोबर' म्हणतो.

तर तपासून घे. टाळाटाळ नको, वहिनींना वेगळं पत्र लिहीन. मिरजेत ढीगभर डॉक्टर आहेत.

दिवाळीनंतर येतोयस ना? आलास की गॅलरीत बसू. फक्त या खेपेला जागा बदलायची. तू माझ्या डावीकडे बस, म्हणजे माझा धड कान आणि तुझा धड कान शेजारी येतील. येताना भडंग आण, दोन पाकिटं. एक पोरांना देईन.

तुझा,
बेसवाला काका