गल्लीपोली आणि ओत्रांतोतल्या अनोळखी माणसांचे आभार

इटलीच्या टाचेवर, सालेन्तोच्या द्वीपकल्पात, आम्ही आईला घेऊन गेलो होतो. गल्लीपोलीचं जुनं गाव बेटावर आहे आणि १७व्या शतकातल्या पुलाने किनाऱ्याला जोडलेलं आहे. तिथला खडकात खोदलेला तेलघाणा पाहून आलो (इथल्या ऑलिव्हच्या तेलावर एके काळी युरोपातल्या शहरांचे दिवे जळायचे) आणि बंदराच्या पायऱ्यांवर आईचा पाय मुरगळला. जाळी दुरुस्त करत बसलेले आजोबा, तुम्ही उठलात, मासळीच्या पेटीतला बर्फ फडक्यात बांधून दिलात आणि तिला आपल्या खुर्चीवर बसवलंत. बर्फाला कोळंबीचा वास होता. आई अजून त्यावर हसते.

दोन दिवसांनी ओत्रांतोच्या कॅथेड्रलमध्ये १२व्या शतकातली मोझाइकची फरशी बघता बघता परतीची शेवटची बस चुकली. चूक आमचीच. पण दोन हत्तींच्या पाठीवर उभं असलेलं ते भलंमोठं झाड सोडून पाय निघेना. शेजारच्या चॅपेलमध्ये, १४८० साली तुर्कांनी मारलेल्या सुमारे ८०० जणांच्या अस्थी बघून तर बोलणंच खुंटलं. थांब्यावरच्या जोडप्याने एक शब्द समान नसताना आम्हाला गाडीत घेतलं आणि थेट लेच्चेत सोडलं. पेट्रोलचे पैसे पुढे केले, तर काकू चक्क रागावल्या.

नावं विचारायची राहिली. आजोबा, काका, काकू, मनापासून आभार. ते फडकं आमच्याकडेच राहिलंय.