तक्रार: धूम्रपान सोडू पाहणाऱ्या गरोदर महिलांना ॲपकडून मिळणारा चुकीचा निर्वाळा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

गरोदर महिलांच्या धूम्रपानमुक्ती समुपदेशनासाठी आम्ही आपले श्वासातील कार्बन मोनॉक्साइड (सिगारेटच्या धुरातून शरीरात जाणारा विषारी वायू) मोजणारे यंत्र, त्याला जोडलेले ॲप आणि महिलांना फोन करून मदत देणारी आपली फोनसेवा वापरतो. यंत्राबद्दल तक्रार नाही. १५ सेकंद श्वास रोखून मग सावकाश, पूर्ण फुंकर मारली की आकडा नीट येतो. तक्रार आहे ती ॲप त्या आकड्याचा जो अर्थ लावते त्याबद्दल.

नोंदणीत 'गरोदर' निवडले तरी १० पीपीएमखालचा (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतले भाग) प्रत्येक आकडा हिरवा दिसतो आणि 'अभिनंदन, तुम्ही धूम्रपानमुक्त आहात' असा संदेश येतो. ही मर्यादा इतर प्रौढांसाठी वापरतात. आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गरोदर महिलेचा आकडा ४ किंवा जास्त आला की तिला मदत सेवेकडे पाठवायचे असते. म्हणजे जिला फोन जायलाच हवा, नेमकी तीच तुमच्या यादीतून गळते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि बाळाला ऑक्सिजन कमी पडतो. अशा वेळी हिरवा रंग दाखवणे धोक्याचे आहे.

शेवटची सिगारेट कधी ओढली, हा रकानाच ॲपमध्ये नाही. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड काही तासांत निम्मा होतो, त्यामुळे सकाळी तपासणीला आलेल्या महिलेचा आकडा रात्रीतच उतरलेला असतो. उलट, न ओढणारीचा आकडाही चढू शकतो: घरातल्या दुसऱ्याचा धूर, बंद खोलीतली शेगडी, नादुरुस्त गॅस हीटर, किंवा दूध न पचल्याने श्वासात येणारा हायड्रोजन, जो यंत्राला कार्बन मोनॉक्साइडसारखा भासू शकतो. ॲप मात्र तिला थेट 'तुम्ही पुन्हा धूम्रपान केले' असे सुनावते. अशी बाई पुढच्या वेळी फुंकर मारायला तयार होत नाही.

सिगारेटची तलफ कमी करण्यासाठी त्वचेवर लावायच्या निकोटिनच्या पट्टीची आठवण ॲपवर फक्त सकाळी येते. गरोदरपणात पट्टी झोपताना काढायची असते. ती आठवण कुठेच नाही.

फोनसेवेचेही तेच. दोन फोन उचलले नाहीत की प्रकरण आपोआप बंद होते. 'धूम्रपान सोडा' हा संदेश कुलूपबंद स्क्रीनवरही सगळ्यांना वाचता येतो, आणि घरच्यांपासून लपवून मदत घेणाऱ्या महिला बऱ्याच असतात. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेला फोन थांबतात, तेही बाळंतपणानंतर सवय परतण्याचा धोका मोठा असताना.

आमच्या मागण्या: गरोदर महिलांसाठी मर्यादा ४ पीपीएम करावी, वेळेचा रकाना व रात्रीची आठवण द्यावी, आरोप करणारा संदेश काढावा, स्क्रीनवरचा मजकूर झाकावा आणि प्रसूतीनंतरही फोन चालू ठेवावेत. सर्वांत आधी, आजवर ४ ते ९ आकडा येऊनही हिरव्या ठरलेल्या आमच्या महिलांची यादी तातडीने पाठवावी. त्यांना आम्ही स्वतः फोन करू. बाकीचे लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे. स्क्रीनची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपले,
समुपदेशक व परिचारिका,
प्रसूतिपूर्व तपासणी विभाग