सूचना: रविवारची तालीम

या रविवारी अमेरिकन संगीतकार मॉर्टन फेल्डमन यांची तीन वादकांसाठीची १९८३ ची रचना ‘क्रिपल्ड सिमेट्री’ सलग वाजवायची आहे. सुमारे दीड तास, मध्यंतर नाही. बासरीवादकाकडे बास फ्लूटही (खालच्या सुरांची मोठी बासरी), व्हायब्राफोनसोबत ग्लॉकनश्पील (दोन्ही धातूच्या पट्ट्यांची, काठ्यांनी वाजवायची वाद्ये), पियानोसोबत सेलेस्टा (पियानोसारखेच वाजवायचे, पण घंटेसारखा नाद देणारे वाद्य). सेलेस्टा पियानोला काटकोनात लावा, म्हणजे वाद्य बदलताना उठावे लागणार नाही.

तिन्ही वादकांच्या स्वरलिपीच्या ओळी एकाखाली एक छापलेल्या असल्या तरी त्या एकमेकींशी जुळवून वाजत नाहीत. सुरुवात झाली की प्रत्येकाने फक्त आपलीच ओळ मोजायची. गडबड इथेच होते: कान शेजाऱ्याकडे जातो, लय नकळत जुळते आणि रचनेचा जीवच जातो. ज्याचे आधी संपेल त्याने निश्चल थांबावे.

फेल्डमन यांना अनातोलियातल्या (आजचे तुर्कस्तान) भटक्या विणकरांच्या गालिच्यांचे वेड होते. लोकर थोडी थोडी रंगवली जात असल्याने तिथे एकाच रंगाची छटा बदलत जाते. त्याला ‘अब्राश’ म्हणतात. इथेही आकृतिबंध परततो तो किंचित बदलूनच. हे बारीक फरक लिहिल्याबरहुकूम वाजवा. स्वतःचा चढउतार घालू नका. आवाज शेवटपर्यंत अतिशय मंद.

पाने सुटी आणा. इतक्या हळू आवाजात पान उलटल्याची खसखसही ऐकू येते.