खांद्याला शेक की शिकवणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत मध्यंतरी सांधेदुखीवर जो लेख आला, त्यात गुडघे, कंबर आणि मान यांचा सविस्तर परामर्श घेतलेला होता. खांद्याच्या वाट्याला मात्र ‘शेक घ्यावा व फिजिओथेरपी करावी’ एवढे एकच वाक्य आले. या वाक्यात ‘व’ने जोडलेल्या दोन गोष्टी आपल्याकडे बहुतेक जण एकच समजतात. मीही तसेच समजत होते, आणि त्या समजुतीपायी दीड वर्षाच्या दुखण्यातले पहिले पाच महिने माझे फुकट गेले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे शिकवून निवृत्त झाले. निवृत्तीच्या आदल्या वर्षी दिवाळीची सुटी संपवून शाळेत गेले, तेव्हा फळ्याच्या वरच्या कडेला वार, दिनांक आणि सुविचार लिहायला उजवा हात वर जाईना. काही दिवस मी दिनांक फळ्याच्या मध्यावर लिहिला आणि मुलांनाही त्याची सवय झाली. पुढे अंबाडा घालताना हात मानेपर्यंत पोहोचेनासा झाला, पदराला मागून पिन लावायला सुनेला हाक मारावी लागू लागली, आणि रात्री त्या कुशीवर वळले की कळ येऊन झोप मोडायची. ‘खांदा धरलाय’, ‘वारा शिरलाय’, ‘या वयात व्हायचंच’ असे निदान ज्याने त्याने आपापल्या परीने केले. शेजारच्या गावातले एक हाडवैद्य एका झटक्यात खांदा मोकळा करून द्यायला तयार होते. तिथे मात्र माझ्या भित्रेपणाने मला वाचवले, असे आता वाटते.

त्यानंतर, कोणाच्या तरी सांगण्यावरून, मी एका खाजगी केंद्रात ‘दहा सिटिंग’ घेतली, आणि ती संपल्यावर आणखी दहा. रोज खुर्चीत बसायचे, खांद्याला ओले पॅड बांधून पंधरा मिनिटे करंट घ्यायचा, मग जेल लावून यंत्राची गोल तबकडी खांद्यावरून फिरवून घ्यायची, पैसे द्यायचे आणि रिक्षाने घरी यायचे. त्या वीस दिवसांत माझा हात कोणी उचलून पाहिला नाही, दुखण्याचे नाव सांगितले नाही आणि घरी काय करायचे हेही सांगितले नाही. यंत्र लावलेले असताना बरे वाटे, हे प्रामाणिकपणे नमूद करते. पण हात होता तिथून बोटभरही वर सरकला नाही, उलट दुखतो म्हणून मी तो कमी कमी वापरू लागले आणि तो आणखी आखडत गेला.

एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा त्यांनी यंत्राआधी माझ्याबरोबर आलेल्या मुलाकडे पाहिले. “आईंचा हात तुम्ही वर उचलून बघा,” असे ते त्याला म्हणाले. मुलाच्या हातानेही माझा हात खांद्याच्या रेषेपर्यंत येऊन अडकला. कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगितले, तर तोही दारात अडसर घातल्यासारखा तिथल्या तिथे राहिला. खांद्याचे स्नायू किंवा त्यांचे कंडरे (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) दुखावले असतील, तर रुग्णाला स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर तो बहुधा वर जातो. खांदा गोठला असेल, तर कोणीही उचलला तरी जात नाही. कसलाही खर्च नसलेली ही मिनिटभराची तपासणी त्या वीस सिटिंगांच्या आधी कोणीतरी करायला हवी होती. माझा एक्स-रे अगदी स्वच्छ आला, आणि या आजारात तो बहुधा तसाच येतो, हेही मला तेव्हा कळले. माझे दुखणे ‘फ्रोझन शोल्डर’चे होते.

खांदा हा उखळीचा सांधा, असे मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवत आले. ही उखळ प्रत्यक्षात इतकी उथळ आहे की तिला बशीच म्हणावे. दंडाच्या हाडाचा मोठा गोळा त्या बशीवर टेकलेला असतो, आणि तो जागेवर राहतो तो मुख्यतः भोवतीच्या चार लहान स्नायूंच्या कंडऱ्यांमुळे आणि सांध्याला वेढणाऱ्या सैल पिशवीसारख्या आवरणामुळे. हात चहूकडे फिरावा म्हणून निसर्गाने इथे मजबुतीशी तडजोड केली आहे. म्हणूनच खांदा सहज निखळतो, आणि आवरणाचा सैलपणा गेला की सगळा सांधा जखडतो. खादीचे नवे कापड पहिल्या धुण्यात आटावे तसे या आजारात ते आवरण सुजते, जाड होते आणि आटते. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव अमेरिकन शल्यचिकित्सक कॉडमन यांनी १९३४ मध्ये वापरले. हाताचा लंबक करून झुलवण्याचा जो व्यायाम आजही पहिल्या दिवशी शिकवला जातो, तोही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

हा आजार बहुधा चाळीस ते साठ या वयात होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. सर्वसाधारणपणे शंभरात दोन ते पाच जणांना तो होतो असे मानतात, पण मधुमेहींमध्ये हेच प्रमाण दहा ते वीसपर्यंत जाते. मला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. या काळात डोळे तपासायला सांगितले गेले, पावलांची काळजी घ्यायला सांगितले गेले. खांद्याविषयी एक शब्द कोणी काढला नव्हता.

ज्या फिजिओथेरपिस्ट मुलीकडे मला पाठवले, ती माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. पहिल्या दिवशी तिने पाऊण तास दिला आणि त्यातली निदान वीस मिनिटे नुसती बोलण्यात गेली. दुखण्याचे टप्पे कोणते, प्रत्येक टप्पा किती महिने चालू शकतो, हात कधी रेटायचा आणि कधी रेटायचा नाही, हे तिने कागदावर रेघा मारून सांगितले. आधी दुखण्याचा टप्पा, मग दुखणे कमी पण ताठरपणा पक्का असा टप्पा, आणि शेवटी हळूहळू सुटण्याचा; सगळे मिळून एक ते तीन वर्षेसुद्धा लागू शकतात, हे तिने न लपवता सांगितले. या स्पष्टपणाने मी खचेन असे मुलाला वाटले होते, पण मला उलट पहिल्यांदा धीर आला, कारण आपण कुठे उभे आहोत ते समजले.

तिने शिकवलेल्या व्यायामांना लागणारे साहित्य घरचेच होते. टेबलावर डावा हात टेकून वाकायचे आणि उजवा हात सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी मुंगीसारखे वर चढत जायचे. पडद्याची काठी दोन्ही हातांत आडवी धरून, कोपरे कमरेला चिकटवून, चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला बाहेर ढकलायचे. पाठीमागे पंचा धरून वरच्या हाताने खालचा हात वर ओढायचा, हा व्यायाम मात्र पुष्कळ नंतर आला. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी दहा मिनिटे. व्यायामानंतरची ठणक अर्ध्या तासात ओसरली पाहिजे, आणि रात्रीचे दुखणे वाढले तर दुसऱ्या दिवशी जोर कमी करायचा, हा तिचा नियम होता. शेकाला तिने बंदी केली नाही. व्यायामाआधी दहा मिनिटे गरम पाण्याची पिशवी ठेवायला सांगितली आणि शेकाचे काम तिथेच संपते असे बजावले.

बोटे जिथवर चढतील तिथे मी स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहीत असे. २० एप्रिलची रेघ माझ्या हनुवटीच्या उंचीवर आहे आणि १५ मेची तिच्याहून जेमतेम दोन बोटे वर. जूनमधल्या तीन रेघा जवळजवळ एकमेकींवरच आहेत. त्या महिन्यात मी व्यायाम सोडण्याच्या बेतात होते. गणपतीत बोटे कपाळाच्या वर गेली, आणि पुढच्या वर्षीच्या गुढीपाडव्याला चौकटीच्या वरच्या पट्टीला लागली. पाठीमागे नेलेला अंगठा मात्र अजूनही कमरेच्या वर चार बोटेच जातो, आणि पदराची पिन आजही सूनच लावते.

या विषयावर परदेशात झालेला अभ्यास डोळे उघडणारा आहे. ब्रिटनमधील पस्तीस रुग्णालयांत खांदा गोठलेल्या ५०३ रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भूल देऊन खांदा हलवून मोकळा करणे, दुर्बिणीने आवरण सोडवणे, आणि स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊन आखणीबद्ध फिजिओथेरपी करणे या तीन मार्गांची त्यात तुलना केली होती. वर्षभरानंतर रुग्णांच्या दृष्टीने मोठा म्हणावा असा फरक तिन्हींच्या परिणामांत आढळला नाही. पुढच्याच वर्षी खांद्याच्या कंडऱ्यांच्या दुखण्यावर, ७०८ रुग्णांचा आणखी एक अभ्यास तिथेच प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपिस्टबरोबर सहा सत्रांपर्यंत वाढत्या जोराचा व्यायाम केलेले रुग्ण, आणि एकाच भेटीत नीट समजावून, पुस्तिका व चित्रफिती देऊन घरी पाठवलेले रुग्ण, यांच्यात वर्षाअखेरीस उल्लेखनीय अंतर दिसले नाही. याचा अर्थ फिजिओथेरपिस्टची गरज नाही असा कोणी काढू नये. ती एक भेटसुद्धा प्रशिक्षित माणसानेच दिली होती आणि ती तासाभरापर्यंतची होती. पहिल्या अभ्यासातही बारा आठवड्यांत बारापर्यंत सत्रे होतीच. तेव्हा माझी तक्रार सिटिंगच्या संख्येबद्दल नाही. वीस सिटिंगांत रुग्णाच्या पदरी एक वाक्यही पडू नये, याबद्दल आहे.

यात सगळा दोष केंद्रांच्या माथी मारणेही बरोबर नाही. माझ्या त्या फिजिओथेरपिस्टने एकदा हसत सांगितले की नुसता व्यायाम शिकवला तर ‘मशीन लावलीच नाही, मग पैसे कशाचे?’ असे विचारणारे रुग्ण आठवड्यातून दोन-तीन तरी भेटतात. पुष्कळ डॉक्टरही चिठ्ठीवर निदान न लिहिता नुसते ‘फिजिओ, दहा दिवस’ असे खरडून देतात. तिसरीकडे, यंत्र विकत घेतले की झाला फिजिओथेरपिस्ट, असेही चालते. आपल्या राज्यात या विषयाचा पदवी अभ्यासक्रम आंतरवासितेसह चार वर्षांहून अधिक काळाचा आहे आणि नोंदणीसाठी कायद्याने स्थापन झालेली राज्य परिषद आहे. समोरच्या व्यक्तीची नोंदणी आहे का, हे विचारण्यात रुग्णाने संकोच बाळगू नये.

व्यायाम हाच प्रत्येक खांद्याचा पहिला उपाय आहे, असे मात्र माझ्या पत्रावरून कोणी समजू नये. दुचाकीवरून पडल्यावर हात अचानक उचलता येईनासा झाला तर कंडरा तुटला असण्याची शक्यता असते आणि तिथे वेळ घालवणे महाग पडते. कबड्डीत किंवा कुस्तीत खांदा निखळलेल्या तरुणाला, नीट पुनर्वसन न करता पुन्हा मैदानात उतरवले तर खांदा वारंवार निखळण्याची भीती असते. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छाती भरून येत असेल, घाम फुटत असेल, तर खांदा विसरून थेट रुग्णालय गाठावे.

देशातले पहिले फिजिओथेरपी विद्यालय मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर उभे राहिले. ज्या राज्यात या विद्येने पहिले पाऊल टाकले, तिथे आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मी गेले तेव्हा एकही फिजिओथेरपिस्ट नव्हता, आणि त्या मुलीला भेटायला मला प्रत्येक वेळी एस.टी.ने दीड तास जावे लागले. मला निवृत्तिवेतन आहे म्हणून ते जमले. शेतात खुरपणीला जाणाऱ्या, डोक्यावर भारा वाहणाऱ्या बाईला ते कसे जमणार? तालुका पातळीवर हे पद भरले जावे ही मागणी मोठी आहे आणि तिला वेळ लागेल, हे मी जाणते. तोवर मधुमेहाच्या तपासणी शिबिरांत पावलांबरोबर खांदाही पाहिला जावा. हात मानेमागे नेता येतो का आणि कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेर फिरतो का, हे पाहायला आशाताईंनाही शिकवता येईल.

मला मिळालेला व्यायामांचा कागद इंग्रजीत होता. मी त्याचे मराठी केले, शेजारच्या चित्रकला शिक्षकांकडून आकृत्या काढून घेतल्या आणि तीस प्रती काढून ओळखीच्या दवाखान्यांत ठेवल्या. पहिल्या आठवड्यातच त्या संपल्या. त्यातली एक प्रत या पत्रासोबत जोडली आहे. पुरवणीत छापावी असे आपणास वाटल्यास एखाद्या नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टकडून ती आधी तपासून घ्यावी. पंच्याच्या व्यायामाच्या आकृतीत हात उलटे काढले गेले आहेत, तेवढे दुरुस्त करावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा